समोरच्याची चाल

१९३५ साली व्ही. के. खाडिलकर मीर सुलतान खानशी दहा डाव खेळले. नऊ हरले, एक बरोबरीत सोडवला. बुद्धिबळाच्या इतिहासात या सामन्याला मिळते ती एक ओळ, आणि तीही सुलतान खानच्या चरित्रात. इंग्लंड गाजवून तो मायदेशी परतला, खाडिलकरांना हरवताना दहांत फक्त एक बरोबरी दिली, आणि मग पटावरून दिसेनासा झाला. खाडिलकर काही ऐरेगैरे नव्हते. १९२४ साली साउथपोर्टला ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेत खेळून आलेले होते. तरी त्या ओळीत ते हरलेले म्हणूनच उभे आहेत, आणि ती ओळ वाचली की माझे मन सुलतान खानाकडे न जाता त्यांच्यापाशीच घुटमळते. चार-पाच डाव ओळीने गेल्यावर पुढच्या डावाला माणूस काय म्हणून बसत असेल? सोंगट्या मांडताना हात कसा चालत असेल? अर्धा गुण म्हणजे किती, हे त्यांच्याइतके नेमके कोणाला कळले असेल असे मला वाटत नाही.

गंमत अशी की त्याआधी चार-पाच वर्षे हाच सुलतान खान पटाच्या लहान बाजूला बसला होता. सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा पंजाबी माणूस विलायतेला गेला तो देशी नियम अंगात मुरवून. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याच्यासमोर कॅपाब्लांका आला. १९२१ ते १९२७ जगज्जेता असलेला आणि हरणे जवळपास विसरून गेलेला हा खेळाडू पासष्ट चालींत हरला. ब्रिटिश अजिंक्यपद सुलतान खानाने तीनदा जिंकले, १९२९, १९३२ आणि १९३३ साली. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ मध्ये, म्हणजे तो जाऊन अठ्ठावन्न वर्षे झाल्यावर. जागतिक संघटना इतरांच्या घड्याळावर फार कडक असते.

माकुणसारला आमच्या ओटीवर भाऊ, म्हणजे माझे वडील, त्याच देशी नियमांनी खेळत. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. राजाला, एकदाही शह बसलेला नसेल तर, डावात एकवार घोड्याची अडीच घरांची उडी मिळे. प्यादे पार पलीकडे पोचले की हवे ते मोहरे होत नसे. ज्याच्या घरात पोचले तेच होई. आणि मात करायची ती प्याद्याने. वजिराने किंवा हत्तीने मात केली तर भाऊ नुसते "हं" म्हणत. प्यादेमात झाली की मात्र आतून चहा यायचा.

वाडीतले पाणी लावून झाले, पानवेलीची कामे उरकली, की दिवेलागणीला माणसे येत. बहुतेक भाऊंपेक्षा कच्ची. मग भाऊ काही न बोलता आपला वजीर उचलून डबीत ठेवत. समोरच्याला त्याचे वाईट वाटत नसे. आता डाव अटीतटीचा होणार म्हणून बघे सरसावून बसत. युरोपातल्या कॉफीहाउसांतही हीच चाल होती. बलवान खेळाडू एखादे प्यादे नाहीतर घोडा काढून ठेवी आणि मग पैज लागे. मला लहानपणी भाऊंचे ते वजीर काढणे फार थोर वाटे. पुढे पुढे त्यात दुसरेही काही दिसू लागले. वजीर डबीत गेला की डाव सुरू होण्याआधीच निवाडा झालेला असतो. तू केवढा ते मला ठाऊक आहे, आणि मी ते चारचौघांत पटावर मांडले आहे.

स्पर्धेत ही वडीलकी चालत नाही. सोळा त्याची, सोळा तुझी. वेळ दोघांना सारखा. थोरला खेळाडू कितीही थोर असो, त्याने चाल करून घड्याळ दाबले की त्याचे हात बांधलेले. समोरची चाल होईपर्यंत जगज्जेत्यालाही काही करता येत नाही. आमच्या भागातून रोज पहाटे शटलने विरारकडे आणि पुढे मुंबईकडे जाणाऱ्या माणसांना विचारा, मोठ्या माणसाने आपल्यासाठी थांबणे ही काय चीज आहे. साहेबाच्या दारात आपण थांबतो. डॉक्टरच्या, तलाठ्याच्या, बँकेच्या खिडकीत आपण थांबतो. एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून मोठ्याने आपली वाट पाहिली आहे, आपल्या मनात काय चालले असेल यावर डोके शिणवले आहे, असा प्रसंग कुणाच्या वाट्याला किती येतो?

म्हणून त्या टेबलाशी बसायला मिळणे हाच एक झगडा असतो. १९७६ मध्ये गिरगावची रोहिणी खाडिलकर, वय तेरा, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा त्यावरून गदारोळ उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की स्त्रियांना अशा स्पर्धांची दारे बंद करता येणार नाहीत. युवे यांना हे सांगण्याचा अधिकार दुहेरी होता. खाडिलकर सुलतान खानशी हरत होते त्याच १९३५ साली, हॉलंडातल्या या गणिताच्या मास्तराने अलेखाइनकडून जगज्जेतेपद घेतले होते. तीस डावांत, साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा. अलेखाइनसमोर तो टिकेल असे फार थोड्यांना वाटले होते.

आता कोण केवढा हे भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते. अर्पाद एलो हा हंगेरीत जन्मलेला आणि अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. त्याने बसवलेली रेटिंगची पद्धत अमेरिकेच्या संघटनेने १९६० मध्ये घेतली आणि फिडेने १९७० मध्ये. तिचा रोख साधा आहे. दोघांच्या आकड्यांत २०० चा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत ७६ गुण घ्यावेत, ४०० चा असेल तर ९२. फिडेच्या तक्त्यात ७३५ च्या पुढे फरक गेला की खालच्याच्या रकान्यात शून्य येते. मात्र हिशेब करताना आपल्यासारख्यांसाठी एक सवड ठेवली आहे. फरक ४०० हून कितीही जास्त असला तरी ४०० च धरायचा. म्हणजे शंभरांतले आठ गुण दुबळ्याचे, कायद्याने राखून ठेवलेले.

माझ्या भाचीचे रेटिंग साडेचौदाशेच्या आसपास आहे. यातला मोठा वाटा सरकारी महागाई भत्त्यासारखा सगळ्यांना सरसकट मिळालेला: १ मार्च २०२४ ला फिडेने तळाची मर्यादा १००० वरून १४०० वर नेली आणि २००० च्या खालच्या सगळ्यांचे आकडे त्या प्रमाणात चढवले. रात्रीतून वाढलेल्या त्या आकड्याचा आमच्या घरी पेढा वाटला गेला होता. भाऊ असते तर "हं" म्हणाले असते.

तिचा बाप, माझा भाऊ, तारापूरच्या एमआयडीसीत आहे. शनिवारी त्याची पहिली पाळी होती, म्हणून पालघरच्या स्पर्धेला तिला घेऊन मी गेले. केळवे रोडहून एकच स्टेशन. पालघरच्या त्या हॉलबाहेर जोड्या लागल्या होत्या, आणि भोवती पालकांची जी गर्दी होती ती दहावीच्या निकालाला शोभली असती. भाची गर्दीतून बाहेर आली ती पांढरीफटक होऊन. "आत्या, पहिला पट."

स्विस पद्धत माहीत नसलेल्याला वाटेल, मोठी बाजी मारली पोरीने. पहिल्या फेरीत या पद्धतीचा शिरस्ता असा की यादी मधोमध कापायची आणि वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी लावायचा. ८० खेळाडू असतील तर १ ची गाठ ४१ शी, २ ची ४२ शी. १८९५ मध्ये झुरिकला पहिल्यांदा वापरलेली ही रीत आजही गावोगावच्या स्पर्धांत चालते, कारण सगळ्यांशी सगळ्यांना खेळवत बसायला कोणाकडेच वेळ नसतो. माझी भाची ४१ वी होती. यादीच्या अगदी मध्यावर पडलेल्या पोरीला पहिला पट मिळतो आणि समोर स्पर्धेतला सगळ्यात भारी माणूस. थोडी खाली असती तर तिला सोपा गडी मिळाला नसता, पण निदान खिडकीजवळचे ते टेबल तरी टळले असते.

समोर होते पंचेचाळिशीचे एक गृहस्थ, रेल्वेत नोकरीला, पहाटेच्या गाडीने मुंबईहून आलेले. सगळे त्यांना सर म्हणत. रेटिंग २१०० च्या वर. पालकांना आत प्रवेश नव्हता, पण पहिला पट खिडकीशी असल्यामुळे मला जाळीतून दिसत होते. जे दिसले नाही ते नंतर तिच्या स्कोअरशीटवरून जुळवले. तिने चाली लिहिलेल्या त्या चिमुकल्या चौकटी, पहिल्या दहा गोल अक्षरांत, पुढे पुढे मुंग्यांच्या रांगेसारख्या.

दोघांना साठ साठ मिनिटे, शिवाय प्रत्येक चालीमागे तीस सेकंद. सरांनी पांढऱ्याकडून लंडन मांडायला घेतले. ही सलामी म्हणजे जोखीम नको, भांडण नको, समोरचा आपण होऊन चुकेलच, असा हिशेब. चाल करायची, घड्याळ दाबायचे, उठायचे, हात मागे बांधून इतर पट पाहत फिरायचे. भाची खेळली की कोपऱ्यातून तिरपा कटाक्ष, परत येऊन उभ्याउभ्याच चाल, परत फेरी. मला त्या फेऱ्यांचा राग येत होता हे कबूल केले पाहिजे, जरी त्यांत काही गैर नव्हते. बलवान खेळाडू असेच करतात. उणेअधिकाची जोडी जमली की दोघे एकाच पटावर दोन वेगळे खेळ खेळत असतात. एक वेळ काढत असतो, दुसरा जीव काढत असतो.

एकोणिसाव्या चालीला भाचीने घोडा उचलून थेट ई ४ वर ठेवला, पांढऱ्याच्या मांडणीच्या ऐन मध्यावर. सर तेव्हा तिसऱ्या पटापाशी होते. आले, पाहिले, हात पुढे गेला आणि थांबला. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. चष्मा काढून पुसला. कोपरे टेबलावर टेकवली. अकरा मिनिटे ते हलले नाहीत, आणि त्यानंतर डाव संपेपर्यंत एकदाही उठले नाहीत.

त्या डावातले मला हवे होते ते मिळाले ते तिथेच. समोरच्या टेबलावर चौदा वर्षांची, दोन वेण्या घातलेली माकुणसारची पोर, आणि तिच्या मनात काय आहे याचा एक पोक्त माणूस अकरा मिनिटे शोध घेत होता. रेटिंगच्या तक्त्यात याला रकाना नाही. तक्त्याला विचाराल तर तो सांगेल, अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा गुणक ४०, सरांचा २०. ती हरली तर तिचे ३.२ जातील, बरोबरी झाली तर १६.८ येतील. सर जिंकले तर त्यांना १.६, बरोबरी झाली तर उणे ८.४. तिला गमवायला दमडी नाही, त्यांना कमवायला दमडी नाही. दिवसभर उपाशी राहून १.६ गुण मिळवायला ही माणसे पहाटे उठून पालघरला का येतात, हे कोडेच आहे. पण येतात, आणि त्यांच्या येण्यामुळेच ४१ व्या नंबरच्या पोरीला समोर कोणी मिळते.

मोहरी कापत कापत डाव उतरला. शेवटी सरांकडे हत्ती आणि ई पट्टीतले एक प्यादे, पाचव्या घरात पोचलेले. भाचीकडे नुसता हत्ती, पण राजा प्याद्याच्या वाटेत ठाण मांडून. ही स्थिती जगभर फिलिदोरच्या नावाने ओळखतात. अठराव्या शतकातला हा फ्रेंच माणूस संगीतकार आणि बुद्धिबळपटू, दोन्हीकडे नाव काढलेला. त्याने दाखवून ठेवले आहे की अशा वेळी दुबळ्याने आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीवर आडवा धरावा आणि तिथून हलू नये. समोरचा राजा ती ओळ ओलांडू शकत नाही. नाइलाजाने त्याने प्यादे पुढे सारले की त्याच्या राजाला आडोसा उरत नाही. मग हत्ती तडक तळाला न्यायचा आणि मागून शहांवर शह द्यायचे. अडीचशे वर्षे हे उत्तर बदललेले नाही. दुबळ्याने काही मोठे करायचे नाही. ओळ धरून बसायचे आणि बलवानाला आधी कंटाळू द्यायचे.

भाचीला हे पाठ होते. सहा-सात चाली तिने हत्ती त्या ओळीवर इकडून तिकडे सरकवला. तिच्या घड्याळात मिनिटभराच्या आतबाहेर उरले होते. दर चालीला तीस सेकंदांची भर, तेवढ्यात लिहायचे, तेवढ्यात खेळायचे. खिडकीबाहेर आणखी दोन-तीन पालक येऊन उभे राहिले होते. आणि मग, प्यादे पाचव्या घरातच असताना, तिने हत्ती तळाला नेला. तिच्या मनात शह देण्याची दुसरी पायरी आधी आली. सरांचा राजा लगेच ओळ ओलांडून आत आला. तरीही डाव वाचत होता. राजाने प्याद्याच्या आखूड बाजूला सरकायचे होते, म्हणजे लांब बाजूला हत्तीला शह द्यायला मोकळी जागा राहते. तिचा राजा लांब बाजूला गेला. आठ-दहा चालींनी तिने हात पुढे केला.

मला वाटले, आता ही रडत बाहेर येणार. पाच मिनिटे झाली, दहा झाली, ती येईना. जाळीतून पाहिले तर सर सोंगट्या पुन्हा मांडत होते. आर्बिटरने खूण केल्यावर दोघे पट घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात आले आणि पायरीवर बसले.

"घाई झाली ना, बाळा?" सर म्हणाले.

तिने मान हलवली आणि बरोबर त्या हत्तीवर बोट ठेवले.

"ते जाऊ दे, ते तुला येतं. हे सांग." त्यांनी डाव मागे मागे नेत एकोणिसाव्या चालीवर आणला. "हा घोडा इथे का आणलास? मी केवढा घाबरलो. मला वाटलं, इकडे उंटाचा बळी देऊन तू राजावर येतेस."

भाचीने प्रामाणिकपणे सांगितले, "तसं काही नव्हतं, सर. ते घर रिकामं होतं."

सर मोठ्याने हसले. पण त्यांनी तो उंटाचा बळी मांडून दाखवला, तिने जो पाहिला नव्हता आणि त्यांनी तिच्या नावाने अकरा मिनिटे पाहिला होता. दुबळ्याशी खेळताना बलवान कधी कधी असा एकटाच दोघांचा खेळ खेळत असतो. मग तिने विचारले, "आणि तुम्ही हत्तीने मारलं असतं तर?" सर उत्तर द्यायला गेले, थांबले, आणि पटाकडे पाहत राहिले. शेजारी माझा चहा निवत होता.

बघणाऱ्याला अशा जोड्यांत चमत्कार हवा असतो, आणि तो होतोही. २०२५ च्या जुलैत बाटुमीला नागपूरची दिव्या देशमुख पंधराव्या मानांकनावरून महिला विश्वचषक जिंकली. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीशी दोन संथ डाव बरोबरीत सुटले, २८ जुलैला जलद डावांत दिव्याने बाजी मारली, आणि ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म हाती नसलेली ती मुलगी भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. हम्पीला तो किताब मिळाला २००२ मध्ये. दिव्याचा जन्म २००५ चा. त्या रात्री आमच्या भाचीने जेवणाचे ताट बाजूला सारून तो डाव पाहिला होता. पण बाटुमीचा तो फरक ऐंशी गुणांचा. सहाशेच्या फरकाला असे काही होत नाही, आणि होत नाही म्हणून तो डाव फुकट जातो असेही मला वाटत नाही. खाडिलकरांचे उरलेले नऊ डावही सुलतान खानाला कुठेतरी बसवून ठेवणारे असतीलच.

दुपारी दुसऱ्या फेरीच्या जोड्या लागल्या. आता स्विस पद्धतीची दुसरी कळ फिरली. पहिली फेरी हरलेल्यांचा गट वेगळा पडतो आणि त्यालाही मधोमध कापतात. सकाळी ४१ वी असलेली माझी भाची या गटात सगळ्यात वर होती. तिच्या वाट्याला आला बोईसरचा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा, रेटिंग काहीच नाही, पाय जमिनीला टेकत नव्हते. बिनरेटिंगच्या खेळाडूशी झालेला डाव रेटिंगच्या हिशेबात धरतच नाहीत. म्हणजे सरांना निदान १.६ मिळत होते, हिला तेही नाही. वडापाव खाऊन, तोंड पुसून, ती ऐटीत आत गेली. आता तिचा पट खिडकीपासून लांब होता, मला काही दिसले नाही. तासाभरात येईल म्हणून मी वर्तमानपत्र उघडले. आजूबाजूचे पट सुटले, मुले धावत बाहेर आली, वर्तमानपत्रातले शब्दकोडेही झाले, तरी ती आली नाही. आली तेव्हा परतीच्या गाडीला दहा मिनिटे होती.

शटलमध्ये खिडकी मिळाली. उतरायचे पुढच्याच स्टेशनला, तरी तिने पिशवीतून बाटली काढून गटागटा पाणी प्यायले.

"जिंकलीस ना?" मी विचारले.

"जिंकले गं. पण आत्या, तो केवढा वेळ लावतो! आणि एकदा त्याने वजीर असा कुठेतरी भलतीकडेच ठेवला, मला कळेचना का ठेवलाय." तिने बाटलीचे झाकण लावले. "पाणी प्यायला उठेन म्हटलं, तर उठताच येईना."